बिब्ब्याच्या खुणा

प्रिय माय,

उजव्या हाताच्या दोन बोटांवर बिब्बा उतलाय. टरारून फोड आलेत, पेन नीट धरवत नाही, तरी लिहायला बसले. तू असतीस तर आधी खोबरेल लावलं असतंस आणि मग पाठीत एक धपाटा! "सुई टोचायची ती बिब्ब्याला, बोटाला न्हाई, वंदे!"

तुला वाचता येत नव्हतं हे काय मला माहीत नाही? पण रविवारी गावात मी जे करणार आहे, ते तुला न सांगता केलं तर झोप लागायची नाही. परवानगी मागत नाहीये. सांगून राहिले. मधे बोलू नको, ऐकून घे.

तुझ्या खुणांचं प्रदर्शन मुंबईत झालं. हाव, तुझ्याच खुणांचं! परटिणीच्या पोरीनं कापडं वाळत घातली आणि ती बघायला लोक गाड्या करून आले. तू हसून हसून पदरात तोंड घातलं असतंस. तसं तर तू नेहमीच घालायचीस.

आठवतं ना, शेवटच्या वर्षी तू खाटेवर होतीस. मी नांदेडहून शनिवारी शाळा सुटली की यायची. पोरांना चित्रकला शिकवून डोकं उठलेलं असायचं. तू एकदा चादरीवर बोटानं काहीतरी काढून राहिलीस. मी म्हणलं, "माय, हे काय?" तू म्हणलीस, "अप्पाच्या घरची खूण. तीन आडव्या रेघा, त्यांच्या कपाळाच्या भस्मावानी." मग काजींच्या घरची चंद्रकोर. कुंभाराचा गोल आणि मधे टिंब, ते चाक. गुरुजींची उभी रेघ. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक घराला तू एक चित्र दिलं होतंस. बिब्ब्याला सुई टोचायची, तेल वर आलं की आतल्या शिवणीवर बारकी खूण करायची आणि वरून ओला चुना. भट्टीत उकळा नाहीतर दगडावर आपटा, निघायची नाही.

सगळ्या खुणा सांगितल्यास. कारभाऱ्याच्या घरची तेवढी गाळलीस. मी विचारलं नाही. मला ती माहीत होती.

आपल्या घरची खूण कोणती, ते मात्र विचारलं होतं. तू म्हणलीस, "आपल्याला कशाला? आपलं फाटकं आपल्याला वळखू येतंच की!"

तू गेल्यावर मी त्या खुणा जुन्या धोतरांवर, लुगड्यांवर काढल्या, हातभर मोठ्या. बिब्ब्यानंच काढल्या. मुंबईच्या एका गॅलरीच्या मॅडमनी फोटो बघितले आणि लगेच बोलावलं. त्यांचं मोठं प्रदर्शन होतं, विषय गूढविद्या. माय, काय काय होतं तिथे! एका काळ्या खोलीत वायरींना लिंबं टांगलेली. एकानं जमिनीवर कुंकवाचं यंत्र काढलं होतं आणि मधोमध डोळे मिटून बसला होता. एका बाईनं भविष्याचे पत्ते रेशमानं भरले होते. टाचण्या टोचलेल्या बाहुल्या होत्या, निळ्या दिव्यांचे त्रिकोण होते, उदाचा धूर होता. आपल्या गावात दारात असली बाहुली सापडली असती तर अख्खी गल्ली दोन दिवस जेवली नसती. इथे लोक तिच्याशेजारी उभे राहून हसत फोटो काढून राहिले होते!

सगळं खोटं होतं असं म्हणणार नाही. एका पोरीनं तिच्या आजीच्या अंगात येण्यावर काम केलं होतं. आजीनं घुमताना मोकळे सोडायचे ते केस तिनं वेणीसारखे गुंफून छतापासून सोडले होते. त्यापुढे मी लई वेळ उभी राहिले. पण बाकीच्यांना नुसती हौस. भूत कधी दारात आलंच नाही, मग त्याची भीती कशी वाटणार?

आणि मग तुझी कापडं. एक गृहस्थ कुंभाराच्या चाकापुढे हात जोडून उभे! त्यांच्या बायकोला समजावून सांगत होते, हा तिसरा डोळा आहे, साधनेत दिसतो. मला इतकं हसू आलं की मी पाण्याच्या निमित्तानं बाहेर गेले. परत आले तेव्हा शेजारचा कागद वाचला. इंग्रजीत होता, मराठीत सांगते. लिहिलं होतं, मराठवाड्यातल्या एका अनाम जाणकार स्त्रीची गुप्त तांत्रिक चिन्हं.

अनाम! माय, मी तुझं नाव लिहून दिलं होतं. परीट होती हे लिहिलं होतं, बिब्बा आणि चुना लिहिला होता, पारावर काय झालं तेही लिहिलं होतं. सगळं गाळलं. ठेवलं काय, तर तांत्रिक!

तसलाच आळ मी आधी एकदा ऐकला होता, वेगळ्या तोंडून.

आता ते बोलायलाच पाहिजे. तू जन्मभर बोलली नाहीस, मलाही बोलू दिलं नाहीस. मी चौथीत होते. कारभाऱ्याची नवी सून कमल, तिच्या चोळीवर मानेच्या शिवणीला तू त्यांच्या घरची खूण, फुली केलीस. चुना नीट बसला नव्हता की तिचं अंगच नाजूक होतं, कोण जाणे. बिब्बा तिच्या पाठीवर उतला. फोडांची अशी फुलीच उठली. मग ती घुमायला लागली, कुत्र्यासारखी ओरडायला लागली, ताटं फेकायला लागली. भानामती झाली म्हणून गावभर बोंब उठली. मांत्रिक आणला. त्यानं चोळी उलटी केली, शिवणीतली फुली बघितली आणि विचारलं, ही कुणी काढली?

तू सांगितलंस गं! "मी काढली, धुण्याची खूण हाय, बिब्बा उतलाय, खोबरं लावा" म्हणून ओरडून सांगितलंस. कुणी ऐकलं? पारावर नेऊन पकडीनं तुझे पुढचे दोन दात उपटले. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून. दादानं मला घट्ट धरलं होतं आणि त्याच्या हाताला मी चावले होते, एवढं मला आठवतं.

आणि माझी खरी तक्रार पुढची आहे. दुसऱ्या आठवड्याला तू पुन्हा त्याच घरांची धुणी आणलीस! काहून, माय? दुसरं गाव नव्हतं? दुसरं काम नव्हतं? बाप आधीच गेलेला, पदरात आम्ही दोघं, हे सगळं मला आज कळतं. पण तेव्हा मला तुझाच राग आला होता, आणि खरं सांगू, अजून पुरता गेलेला नाही. तू खुणा करणं सोडलंस. कुणाचं धोतर कुणाचं ते काठावरून, ठिगळावरून ओळखायला लागलीस. आणि तोंडावर पदर आला तो कायमचा. हसताना पदर, बोलताना पदर, जेवतानासुद्धा. तुझं हसू मला नीट आठवत नाही, आठवतो तो पदरच.

तर त्या कागदापुढे उभं राहून माझ्या लक्षात आलं की हे तेच चाललंय. गावानं तुला एकदा जादूटोण्याची बाई केलं, आता हे दुसऱ्यांदा करून राहिलेत. फरक एवढाच की या वेळी हात जोडून.

मॅडम वाईट नव्हत्या. चहा मागवला, शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, "वंदनाताई, सगळं सांगून टाकलं की जादू जाते. धुण्याच्या खुणा म्हटलं तर लोक पुढच्या कामाकडे जातील. हे प्रदर्शन परदेशात चाललंय, तुमची कापडंही येऊ देत. फक्त कागद आहे तसाच राहू द्या." मी नांदेडला येऊन चार दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. चित्रकलेच्या बाईला कोण विचारतं? आमच्या शाळेत माझा तास गणितवाल्यांना देऊन टाकतात! परदेशात माझं नाव लागलं असतं.

माझं लागलं असतं, तुझं नसतं. मी फोन लावला आणि म्हणलं, "मॅडम, कापडं परत पाठवा." त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा विचार करा." मी म्हणलं, "झाला करून."

आता ती कापडं गावात लावायची आहेत. आपल्याच ओढ्यावर, तू दोरी बांधायचीस तिथे, रविवारी, भर उन्हात. प्रत्येक खुणेखाली ती कशी करायची, कशाची करायची, ते लिहून. आणि पारावर काय झालं तेही लिहून.

दादाला सांगायला लातूरला गेले. तो इस्त्री करून राहिला होता. ऐकल्याबरोबर इस्त्री उभी केली. "कशाला जुनं उकरून काढून राहिली? पल्लवीचं लग्न जमून राहिलंय. भानामतीवालीची नात म्हनले की झालं! तुपलं काय जातंय?" मी म्हणलं, "दादा, आपण गप्प बसलो म्हणून तर ती भानामतीवाली राहिली." तो म्हणला, "माय कधी बोलली का? तिला नको होतं ते तू काहून करतीस?" तुला हे नको असेलही, माय. हे पत्र त्यासाठीच आहे. आम्ही लई भांडलो, वहिनीनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

सकाळी निघताना त्यानं एक घडी हातात दिली. तुझं हिरवं लुगडं, कडक इस्त्री केलेलं. "घे. पर मी येणार न्हाई," म्हणाला आणि आत गेला. घडी उलगडली तर पदराचा एकच कोपरा पातळ झालेला, रंग उडालेला. तो तू तोंडावर धरायचीस.

मग लोह्याहून टमटमनं गावात गेले. सरपंचाला विचारलं, तो "बघू" म्हणाला. तो नाही म्हणाला नाही, मला तेवढं पुरे. आणि शेवटी कमलच्या दारात गेले. तीही म्हातारी झाली गं आता. तिनं चहा ठेवला. मी उभ्यानंच सांगितलं, रविवारी फुली लावणार आहे. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मला ठावं होतं, वंदे. बिब्बाच हाय ते. पैल्या दिवशीच ठावं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"घुमाय लागले तवा सासरचे मला मारायचं थांबले. माहेरी धाडलं. लगीन झाल्यापासून पैल्यांदा रातभर झोपले मी. तुझ्या मायचं असं करतील ते ठावं नव्हतं गं. झाल्यावर बोलले असते तर मपले दात ऱ्हायले असते का?"

मी चहा न पिता उठले. मला तिची कीव आली आणि तिच्या झिंज्या उपटाव्याशाही वाटल्या, दोन्ही एकदम. मी माफ केलेलं नाही. तू केलं होतंस का? तिची धुणी धुताना तुझ्या मनात काय यायचं? एवढं तरी मला सांगून जायचं होतंस!

दारापर्यंत आली ती. म्हणाली, "लाव फुली. मोठी लाव. पर मपलं नाव नको लिवू."

तिचं नाव नाही लिहिणार मी. कारभाऱ्याचंही नाही, त्या पकड धरणाऱ्याचंही नाही. त्यांना त्यांच्या खुणा पुरेत, अख्खं गाव ओळखतं. नाव एकच लिहायचं आहे, आणि त्याचाच सराव चाललाय चार दिवस. चिंध्यांवर गिरवून राहिले, म्हणून तर बोटं अशी झाली. बिब्ब्यानं अक्षर काढणं सोपं नाही गं, तेल पसरतं. आता जमायला लागलंय.

माय, कबूल करते तुला. रविवारी दोरीवर सगळ्यात आधी तुझं हिरवं लुगडं चढेल. पदर मोकळा सोडीन, वाऱ्यावर उडू दे. कुणी दगड मारला तरी उतरवणार नाही, आणि दादा आला नाही तरी थांबणार नाही. आपल्या घराला खूण नव्हती ना? आता असेल. त्या झिजलेल्या कोपऱ्यावर बिब्ब्यानं लिहीन, गयाबाई. वरून ओला चुना लावीन आणि उन्हात कडकडीत वाळवीन. मग ज्याला धुवायचं त्यानं धुऊन बघावं.

तुझीच,
वंदी