प्रिव्ह्यूमधला एक चमचा

३ मार्च, सोमवार

अखेर दिसलं! जोडलेला मजकूर प्रिव्ह्यूमध्ये, म्हणजे पान लोकांपुढे जाण्याआधी आम्ही पाहतो त्यात, दिसला. सहा महिने इंजिनिअरसाहेबांच्या मागे लागलो होतो.

आमच्या हॉस्पिटलची माहितीची पानं तुकड्यातुकड्यांनी बनतात. औषधाचा डोस हा एक तुकडा, डॉक्टरांच्या वेळा हा दुसरा. तुकडा एकदाच लिहायचा आणि हव्या त्या पानांना जोडायचा. वेबसाइट वेगळी, ती आमच्याकडचा मजकूर उचलून दाखवते. म्हणून या सीएमएसला, म्हणजे मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, हेडलेस म्हणतात – बिनडोक्याचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मलाच म्हणतायत.

आजवर प्रिव्ह्यूत जोडलेल्या तुकड्याच्या जागी नुसता करडा ठोकळा दिसायचा. आतला मजकूर पाहायला प्रत्येक तुकडा वेगळा उघडायचा, वाचायचा, तिथेच पब्लिश करायचा, वहीत खूण करायची. अकरा तुकड्यांच्या पानाला अकरा खुणा. आता पान सलग दिसतं, लोकांना दिसेल तसं.

इंजिनिअरसाहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, "झालं समाधान? आता मला सुखाने जेवू दे."

४ मार्च, मंगळवार

इंजिनिअरसाहेबांनी पब्लिश न झालेल्या कच्च्या मजकुराभोवती पिवळी चौकट घातली होती. मी दिवसभर कुठे ना कुठे काना-मात्रा सुधारत असतो, त्यामुळे सगळं पान पिवळंधमक. वाचताना नजर अडखळते, चुका सुटतात. काढून टाका म्हणालो. "नक्की?" – नक्की. काढली.

आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, येत्या सोमवारी माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही करतील. मी दहावी नापास. याच इमारतीत लिफ्ट चालवायचो. भिंतीवरच्या सूचनांतल्या चुका पेन्सिलीने सुधारताना बाईंनी पाहिलं, आणि लिफ्टमधून उचलून इथे बसवलं. आता सोमवारपर्यंत एकही चूक नको.

५ मार्च, बुधवार

मुलांच्या तापाचं सिरप बदललं. नवं दुप्पट कडक. जुन्याचे दोन चमचे, नव्याचा एकच. बाटलीवर डोस छापलेला नाही, चौकोनी कोड आहे; मोबाइलने स्कॅन केला की आमचं पान उघडतं. उद्या दुपारपासून वाटप.

औषधांच्या खिडकीवरच्या मावशी मुद्दाम जिना चढून वर आल्या. म्हणाल्या, "नीट लिही हो बाबा. दुप्पट गेलं तर पोरं इथेच परत यायची, तीही उचलून."

डोसचा तुकडा उघडला, दोनचा एक केला. परत येऊन पानाचा प्रिव्ह्यू तीनदा वाचला. एक चमचा. ऱ्हस्व-दीर्घ ठीक. पान पब्लिश केलं. वहीत खुणा नाही केल्या. आता गरज काय!

६ मार्च, गुरुवार

दुपारी मोठ्या सिस्टरांचा फोन. कुणी एक रंगारी आहे, त्याची मुलगी तीन वर्षांची. त्याचं म्हणणं, डॉक्टर तोंडी एक चमचा म्हणाले आणि तुमच्या पानावर दोन आहे.

प्रिव्ह्यू उघडला. एक चमचा. पुन्हा वाचला. एकच! सिस्टरांना सांगितलं, पान बरोबर आहे, त्याचीच वाचण्यात गफलत झाली असेल. शिकलेला नसेल, असंही म्हणालो. मी!

सिस्टर म्हणाल्या, तू म्हणतोस तर असेल.

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा तोच माणूस. या वेळी सिस्टरांच्या टेबलाशी जाऊन भांडला. सिस्टर वैतागलेल्या. मी प्रिव्ह्यूचा फोटो काढून त्यांना पाठवला – हे बघा. त्यांनी तो त्याला दाखवला. तो म्हणाला, हे तुमचं पान असेल, माझ्या मोबाइलवरचं वेगळं आहे. सिस्टर हसल्या. फोनवर मीही हसलो.

त्याच्या मोबाइलवर काय आहे ते कुणीच पाहिलं नाही. हे आत्ता लिहिताना सुचतंय. जुना मोबाइल असेल, जुनं पान साठून राहिलं असेल. तसं होतं कधीकधी. होतं ना?

आई म्हणाली, ताटात बघून जेव, भिंतीवर काय लिहिलंय?

८ मार्च, शनिवार

नीट क्रमाने लिहितो.

साडेआठला औषधांच्या खिडकीपाशी नवी सूचना लावायला गेलो. शटर अर्धंच वर होतं. आत बाटल्या रचलेल्या. आपलं काम लोकांना कसं दिसतं ते बघावं म्हणून एक बाटली स्कॅन केली. खरं तर कौतुकाने.

दोन चमचे.

माझा मोबाइल नवा आहे. पान ताजं उघडलं होतं. दोन चमचे.

जिना कसा चढलो माहीत नाही. डोसचा तुकडा उघडला. कोपऱ्यात बारीक अक्षरात – ड्राफ्ट. मी पान पब्लिश केलं होतं, तुकडा नाही! प्रिव्ह्यू मला कच्चा मजकूर दाखवत होता आणि लोकांना जुनाच दिसत होता. पूर्वी प्रत्येक तुकडा उघडून तिथेच पब्लिश करायचो, तेव्हा हे घडूच शकत नव्हतं. आणि पिवळी चौकट हेच तर सांगत होती.

बटण दाबलं. मोबाइलवर पाहिलं. एक चमचा. दोन मिनिटांचं काम.

खोलीत कुणी नव्हतं. पान आता बरोबर होतं. मी बोललो नसतो तर कुणाला कळलं नसतं. रंगाऱ्यालासुद्धा वाटलं असतं, आपलाच घोळ झाला. परवा सही. दहा मिनिटं तसाच बसलो. दहा मिनिटं – हे खोडणार नाही. त्या दहा मिनिटांत कुठेतरी कुणीतरी बाटली हलवून दुसरा चमचा भरत असेल.

बाई आल्या तेव्हा दारातच सगळं सांगितलं. चौकट काढायला लावली तेही. इंजिनिअरसाहेब मागून येत होते. त्यांनी ऐकलं, म्हणाले, "काढली मीच. मला नाही म्हणता आलं असतं." बाईंनी दोघांकडे पाहिलंही नाही.

मी सोमवारच्या कागदाचं काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "सोमवारचं सोमवारी. आधी किती बाटल्या गेल्या ते विचार."

बेचाळीस. मावशींच्या रजिस्टरमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर होता. यादी सिस्टरांकडे गेली. मी फोन करू का विचारलं. सिस्टर म्हणाल्या, तुझा आवाज ऐकून घाबरतील लोक. घरी जा.

त्यांनी पहिला नंबर फिरवला तेव्हा मी दाराशी होतो. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी सिस्टरांचा फोन. बेचाळीसही घरांत फोन लागला. एका घरात दोन चमचे गेले; त्यांनी गुरुवारी सगळ्यांत आधी बाटली नेली होती. ते मूल वॉर्डात आहे, धोका टळला. बाकी सगळ्यांनी एकच दिला. सिस्टरांनी विचारलं, पानावर दोन होतं ना, मग एक कसा? सगळ्यांचं उत्तर एकच. गुरुवार दुपारपासून रोज शटर पडेपर्यंत खिडकीबाहेर एक माणूस उभा असायचा, कपड्यांवर रंगाचे डाग. बाटली घेऊन वळणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगायचा – "ते पान वाचू नका. एकच चमचा द्या."