येतो म्हण

३ फेब्रुवारी
आज सकाळी पावणेदहाला, साखरखेर्ड्याच्या बसस्टँडसमोर, इडलीच्या हातगाडीवर माझं आयुष्य बदललं. वही, हसू नको!
हातगाडी सेल्लम्माअक्कांची. त्यांचे मालक पळनीअण्णा तमिळनाडूहून बोअरची गाडी घेऊन आले अन् इथलेच झाले. आज वाढायला त्यांची पोरगी उभी होती. कयल. मराठी ती गिऱ्हाइकांकडूनच शिकतेय. माजी सरपंच पंजाबरावांना तिनं मान खाली घालून, अगदी अदबीनं विचारलं, "काका, सांबार घेता का बे?"
पंजाबरावांचा चमचा हवेतच.
मग असे हसले की सांबार सांडलं. "घेतो बे, घेतो!"
'बे' म्हणजे 'जी' असं वाटलं तिला!

४ फेब्रुवारी
इडली.

५ फेब्रुवारी
इडली. आई म्हणे, "घरच्या भाकरीनं काय घोडं मारलं बे तुयं?"

९ फेब्रुवारी
सरांशी भांडून कॉलेज अर्ध्यात सोडलं, परत आलो, तेव्हा वाटलं होतं — मेलेलं गाव आहे. कुठं मेलंय! बिकानेरवाल्याची मिठाई, बिहारी पोरांचं फर्निचरचं दुकान, दवाखान्यात केरळची सिस्टर. आठवडी बाजारात भाव चार भाषांत होतो. शिव्या मात्र वऱ्हाडीतच! बरं झालं मी परत आलो.

१६ फेब्रुवारी
आज मी नीच वागलो.
आमच्या शेतात अण्णांनी बोअर घेतला. साडेचारशे फूट — नुसता फुफाटा! पाण्याची जागा बाबांनीच दाखवली होती, तळहातावर नारळ धरून. तरी मी अण्णांच्याच अंगावर गेलो. "बाहेरचे लोक तुम्ही! आमच्या गावाले लुटून राह्यले!"
अण्णांनी डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं फक्त.
कयल त्यांचा डबा घेऊन बांधावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी मोटारसायकलला किक मारली. "जातो!"
मागून तिचा आवाज — "जातो नाही म्हणत!"

१७ फेब्रुवारी
धम्मरत्नला सांगितलं. शाळेपासूनचा दोस्त, वाटलं बाजू घेईल.
"बाहेरचे?" तो म्हणाला. "आमची वस्ती किती पिढ्या गावाच्या बाहेर होती बे गोकुळ? त्या शब्दाची चव मले विचार."
माझा चहा तसाच राहिला.

१८ फेब्रुवारी
कयल बघत नाही. प्लेट ठेवते, वळते.

२० फेब्रुवारी
गेलो शेवटी त्यांच्या घरी. अण्णांच्या पायाशी वाकलो. त्यांनी दंड धरून उभं केलं.
"पाणी नाही लागला. राग मलापण आला," म्हणाले. "माझा राग दगडावर. तुझा माणसावर."
यापेक्षा थोबाडीत परवडली असती.
कयल दारातच होती. म्हणाली, "आमच्यात निघताना 'पोरेन' नाही म्हणत. पोरेन म्हणजे जातो. परत नाही येत, तो जातो. 'वरेन' म्हणायचं. येतो."
आईनं जन्मभर हेच ऐकवलंय — "जातो काऊन म्हणतं बे पोट्ट्या, येतो म्हण!" दोन आया, दोन मुलुख, अन् भीती एकच!
"तू जातो म्हणला," ती हळूच म्हणाली. "चार दिवस भेव वाटलं बे."
भेव. माझ्यासाठी! हा 'बे' मी जपून ठेवणार.

२६ फेब्रुवारी
अण्णांची गाडी तीन महिने छत्तीसगडला चालली. एक माणूस कमी आहे. मला म्हणाले, "येतो?" मला! ज्यानं लुटारू म्हटलं, त्याला!
बाबा तडकले. "कॉलेज सोडलं, आता गावही सोडतं काय?"
धम्मरत्न म्हणाला, "जाय. बाहेरचा होऊन पाह्य."

१ मार्च
आजपासून मी बाहेरचा.
आईनं हातावर दही ठेवलं. अक्कांनी इडल्या बांधून दिल्या. अंगणात कयलला सांगितलं — वरेन. ती हसली. "पोयिट्टु वा." जाऊन ये.
बाहेर अण्णांचा हॉर्न. वही, तू इथंच थांब. दार ओढून घेतो.
येतो बे!