दोन मिनिटांवाल्यांची नोंद

सोमवार, दि. ९

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीच्या साहेबाला ढब्बू म्हणते म्हणून फुगू नकोस. पाकिटावर साहेबच लिहिलंय.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. दवाखान्याचं दार अजून रोज आठला मीच उघडते. डॉक्टरबाई बऱ्या आहेत. नंबर लावायच्या खिडकीची काच एकदाची बदलून मिळाली, त्यामुळे आता लोकांना माझं तोंड दिसतं. त्यात त्यांचा फायदा काय, ते विचारू नकोस.

दोन महिने तुझा एकही फोन मी उचलला नाही. का, ते तुला माहीतच आहे. तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं: पेशंटच्या भेटी कमी, म्हणून दवाखान्याचं अनुदान निम्मं, आणि पुढच्या वर्षापासून दवाखाना आठवड्यातून दोनच दिवस उघडा. खाली सही तुझी. तशीच उठून तुझ्या घरी आले आणि तुझ्या बायकोदेखत तोंडाचा पट्टा सोडला. ज्या दवाखान्यानं आईला शेवटपर्यंत सांभाळलं त्याच्याच मुळावर उठलास, असं म्हणाले. तू चकार शब्द काढला नाहीस. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही याला.

येत्या गुरुवारी तुमच्याकडे सुनावणी. म्हटलं, साहेबांना दाखवतेच. तीन आठवड्यांपूर्वी जुन्या नोंदवह्या काढून बाईंसोबत बसले. बेरीज पाहून बाई म्हणाल्या, आपण एवढी माणसं तपासतो, मग वहीत निम्मीच कशी?

मी वही मिटली. कारण मलाच माहीत होतं.

नीट ऐक. दिवसाला अठरा भेटी ठरलेल्या, प्रत्येकीला दहा मिनिटं. नंबर न लावता जे येतात त्यांना मी बाजूच्या दाराशी बाकड्यावर बसवते. शिंपीकाकांचं ब्लडप्रेशर, शाळेच्या बसवाल्याची शुगर, कुणाचा ठणकणारा कान. दोन पेशंटच्या मध्ये बाई त्यांना बघून घेतात. आम्ही त्यांना दोन मिनिटांवाले म्हणतो. परत पाठवलं तर दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जायचं आणि दिवसभर ताटकळायचं. जातंय कोण? दुखणं अंगावर काढतात.

आणि यांची नोंद मी कधी केलीच नाही. अठराच्या वर आकडा गेला तर बाई घाईत तपासतात असा ठपका येईल, ही माझी अक्कल. बाईंना सांभाळायला गेले आणि दवाखान्याच्याच पायावर धोंडा पाडला. अनुदान नोंदीवर ठरतं हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहू का? ठाऊक होतं. पण ते कुणी तोडेल असं वाटलंच नव्हतं.

तेव्हा तुझ्या पत्रातला आकडा बरोबर होता. लिहिताना जिवावर येतंय, पण बरोबर होता.

शेजारचा औषधवाला म्हणाला, मागचं आठवून भरून टाका, तुम्हाला तर सगळे तोंडपाठ. आहेतच. त्याच शनिवारी बसले आणि चार पानं भरलीसुद्धा. मग माझीच मला लाज वाटली आणि फाडून टाकली.

बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून बाकडंही लिहा. आणि सुनावणीत हे तुम्हीच सांगायचं."

तेव्हापासून लिहितेय. अठरा, आणि वर रोज एकवीस-बावीस. ती वही घेऊन येतेय, आणि बाकड्यावरचे जितके येतील तितके. शिंपीकाका तर भाषण पाठ करतायत, त्यांना आवरायचं काम तुझं. बहिणीला सांभाळून घेऊ नकोस. चारचौघांत विचार, नोंद का नाही? मी उत्तर देईन. माझी नोकरी गेली तर गेली, पण दवाखाना पाचही दिवस उघडा राहणार. बघच तू.

आता मघापासून टाळतेय ते. काल तुझ्या बायकोचा फोन आला. तिचा मात्र उचलला. ती म्हणाली, सही करण्याआधी तू आमच्या नोंदींत आईचं नाव शोधलंस. सहा वर्षांत एकच भेट सापडली.

आई माझ्याकडे होती. दर मंगळवारी तिला दवाखान्यात नेते, असं मी तुला सांगायचे. आणि कागदावर एक भेट! काय वाटलं असेल तुला? तरी बायकोखेरीज कुणाजवळ बोलला नाहीस. वर मी तुझ्याच घरात येऊन तुला आईवरून सुनावलं, तेव्हाही गप्प राहिलास. काल फोन ठेवला आणि मी खूप रडले रे.

आपल्याच आईचा नंबर लावून दुसऱ्या कुणाची जागा कशी अडवायची, म्हणून मी तिलाही बाकड्यावरच बसवायचे. दर मंगळवारी. सहा वर्षं. याचा कागद माझ्याकडे नाही, आणि आता मी तो बनवणारही नाही.

त्या दिवशी जे बोलले त्याची माफी मागते. गुरुवारी दवाखान्यासाठी वही आणीन. आईसाठी माझ्याकडे नुसता शब्द आहे. तेवढा पुरेल ना तुला?

तुझीच,
ताई