चष्मा मिळाला की निघतो

१६ फेब्रुवारी, सकाळी ६
ठरलं. २२ मार्चला, चंद्रिकाच्या वाढदिवसाला, सोलापूर ते अकलूज सायकलवर. एकशे पंधरा किलोमीटर. काल शिवरात्रीला पोरगी हॉस्टेलवरून आली होती, सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. ती हसली नाही. म्हणाली, अप्पा, येऊ नका असं म्हणत नाही मी, फक्त आधी सांगू नका.
तिच्या स्विमिंगच्या स्पर्धेला येतो म्हणालो होतो. गॅदरिंगला म्हणालो होतो. अकलूजला कॉलेजात सोडायला येतो म्हणालो होतो. तिन्ही वेळा ऑफिस आडवं आलं. (गॅदरिंगच्या वेळी झोप लागली होती. पण ते तिला माहीत नाही.)
वाक्य फार लागलं. या वेळी जायचं म्हणजे जायचं.

१८ फेब्रुवारी
पहिली राइड. आंघोळ, पूजा, कपाळाला तीन बोटं विभूती. कपाळ मोकळं ठेवून घराबाहेर पडायचं नाही हा माझ्या आईचा, अव्वाचा नियम, सत्तेचाळीस वर्षं मोडलेला नाही. जुळे सोलापुरातून विजापूर रोडला लागलो. तिसऱ्या किलोमीटरला घाम फुटला आणि डोळ्यांत आग. काही दिसेना. ढकलत घरी.
कारण उघड आहे. धूळ. प्रॉपर आयवेअरशिवाय सायकलिंग म्हणजे आत्महत्या. चष्मा मिळेपर्यंत राइड बंद. आळस नाही हा, सेफ्टी.

२१ फेब्रुवारी
नवी पेठेतून काळा गॉगल आणला. आरशात बरा दिसतो. महेश्वरी म्हणाली, लग्नात सुद्धा एवढा वेळ आरशासमोर नव्हतात.

२२ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
पहाटे काळ्या गॉगलमधून स्पीडब्रेकर दिसत नाही. कोपर सोललं. डोळ्यांची आग तशीच.

२६ फेब्रुवारी
अभ्यास केला. चार संध्याकाळी व्हिडिओ पाहिले. काच नको, पॉलिकार्बोनेट हवं. कडेनं वारा शिरू नये म्हणून रॅपअराउंड हवा. आता या विषयात मी ऑफिसात कुणालाही हार जाणार नाही. ऑफिसातला निंगप्पा रोज दूध डेअरीपासून सायकलवर येतो, त्याला विचारलं तू कुठला वापरतोस. म्हणाला, मी डोळे वापरतो की.
अडाणी माणूस.

१ मार्च
वेल्डिंगच्या दुकानातला पारदर्शक चष्मा. स्वस्त आणि मजबूत. पाच मिनिटांत आतून वाफ धरली. आग तशीच. चार किलोमीटर.
डोळे इतके लाल की साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घरी सगळं ठीक आहे ना विचारलं.

५ मार्च
ऑनलाइन मागवलेला आला. काढघाल करायच्या तीन काचा: पिवळी, निळी, साधी. हाच तो. चंद्रिकाला फोन करून कळवलं की तयारी जोरात आहे. ती म्हणाली, खरंच येणार असाल तर मी टेंभुर्णी नाक्यापर्यंत येते, मैत्रिणीची सायकल घेऊन. पंचवीसेक किलोमीटर आहे, तिथून अकलूजला बरोबर जाऊ.
म्हणालो, अकरा वाजता नाक्यावर. फोन ठेवल्यावर बराच वेळ बाल्कनीत उभा होतो. ती कधी माझ्यासाठी एवढ्या लांब निघाली नव्हती. तशी वेळच मी कधी येऊ दिली नव्हती.

८ मार्च
पिवळी: आग. निळी: आग, शिवाय सगळीकडे संध्याकाळ. साधी: आग.
एक विचित्र गोष्ट. चष्म्याच्या आतल्या बाजूला पांढरट थर जमतो. बंद चष्म्यात धूळ शिरते कशी? डिझाइन फॉल्ट. कंपनीला कडक रिव्ह्यू लिहिला.

११ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरकडे. म्हणाले, डोळ्यात दोष नाही, बाहेरून काहीतरी जातंय. म्हणालो, सोलापूर जातंय. हसले नाहीत. थेंब दिले.
महेश्वरी म्हणते, आधी सायकल मारून या, आंघोळ-पूजा मग करा. म्हणजे विभूतीशिवाय बाहेर? अव्वाला काय सांगू? आणि चष्म्याचा आंघोळीशी संबंध काय? बायकोला ऑप्टिक्स कळत नाही.

१५ मार्च
सात दिवस राहिले. महिन्याभरात एकूण एकवीस किलोमीटर झालेत. घाबरलोय. इथं लिहायला हरकत नाही, घाबरलोय.
कपाट उपसलं तर चंद्रिकाचा स्विमिंगचा गॉगल सापडला, त्याच स्पर्धेचा. रबर लावलेला, डोळ्यांवर घट्ट बसतो. पाणी शिरत नाही तर धूळ काय शिरणार. खूण आहे ही.

१७ मार्च
स्विमिंग गॉगलमध्ये आग सर्वांत जास्त. घरी येऊन काढला तर आत पांढरा चिखल. चिखल कुठून आला हे देवच जाणे. त्याच्याकडेच बघतो आता. रोज तीन बोटांच्या जागी कपाळभर विभूती लावायची.

२१ मार्च
सायकलला हवा भरली. चारही चष्मे पिशवीत घेतलेत. रस्त्यात जो साथ देईल तो. चंद्रिकाचा मेसेज: निघताय ना? पुढं काही नाही. निघतोय, असं लिहिलं.

२२ मार्च, पहाटे ४.४०
आज अव्वानं स्वतःच्या हातानं विभूती लावली, कपाळापासून पार भुवयांपर्यंत. पोरीसाठी पुडीही दिली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. निघालो.

सकाळी ७.१५, बाळे
दहा किलोमीटर. चारही चष्मे झाले. डोळे उघडत नाहीत, हे एका डोळ्यानं लिहितोय. रस्त्याकडेच्या दगडावर बसलोय. रडतोय. आगीनं की दुसऱ्या कशानं, ते आता वेगळं करता येत नाही.

सकाळी ९.३०
मेंढरं घेऊन एक जण आला. बिरप्पा नाव. माझं तोंड बघून थांबला. काय झालं विचारलं, मी धुळीचं सांगितलं, पॉलिकार्बोनेटचंही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बाटली माझ्या डोक्यावर ओतली, कपाळ खसाखसा पुसलं आणि म्हणाला, मालक, इबूत घामासंगं डोळ्यात उतरतीया की. आमी बी भंडारा लावतो, पण उन्हात निघताना वर फडकं बांधतो.
स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या कपाळाला बांधला.
आग थांबली. पाच मिनिटांत. दुसऱ्या मिनिटालाच खरं तर.
सव्वा महिना. चार चष्मे. आणि जितकी अडचण वाढली तितकी मी विभूती वाढवली.
डोळे उघडले तसा समोरचा बोर्ड दिसला. टेंभुर्णी ७८. महिन्याभरात इतकं स्पष्ट काही दिसलं नव्हतं. माझा वेग, माझे गुडघे, वाजलेले साडेनऊ, सगळंच दिसलं. आता चष्म्यावर काही ढकलता येईना.

सकाळी ९.५०, एसटीत
सायकल चहाच्या टपरीवर ठेवली. प्लॅन असा: टेंभुर्णी स्टँडला उतरायचं, शर्टावर पाणी मारायचं, चालत नाक्यावर जायचं, सायकल नाक्याच्या थोडी अलीकडं पंक्चर झाली म्हणायचं. हेल्मेट डोक्यावरच ठेवलंय. कंडक्टर तिकीट देताना दोनदा बघून गेला.

दुपारी १२
हेल्मेटसकट उतरलो. चंद्रिका समोरच्या बाकावर. सायकल भिंतीला टेकवलेली, तोंडाला ओढणी, चष्मा वगैरे काही नाही. पंचवीस किलोमीटर आली होती. शर्टावर पाणी मारायला वेळच मिळाला नाही.
तिनं माझे डोळे बघितले, टॉवेल बघितला. मी अव्वाची पुडी दिली. तिनं विभूती लावली आणि ओढणीची पट्टी लगेच कपाळावर ओढून घट्ट बांधली. कशाला म्हणालो. डोळ्यात जाते ना अप्पा, म्हणाली.
मग मी विचारलं, नाक्यावर ठरलं होतं ना, इथं कशी. म्हणाली, साडेनऊपासून इथंच आहे, सोलापूरहून आलेली ही सहावी गाडी. पाचव्या गाडीला वाटलं होतं, आज पण ऑफिस.
दोघांनी एक वडापाव खाल्ला. स्विमिंगचा गॉगल तिनं पिशवीतून ओळखला आणि स्वतःकडे ठेवून घेतला.
पुढच्या वर्षी पूर्ण सायकलवर, नक्की. हे मात्र तिला सांगितलेलं नाही.