सत्तर माणसं, एक नाव

सुवा, ४ मार्च

ती. उनाइसीआत्यास, केलेराचा सा. न. वि. वि.

तुझा फोन सवुसवूच्या खाडीत पडला आणि तू नवा घेत नाहीस, म्हणून शाळेनंतर आज पहिल्यांदा माझ्या बोटांना शाई लागली आहे. बावीस वर्षं प्रोग्राममधल्या चुका शोधून कंटाळलीस, ते कबूल. पण खुर्ची मला देऊन डोकं मात्र बरोबर घेऊन गेलीस!

बोटीच्या तिकिटांचा नवा प्रोग्राम अठ्ठावीस तारखेला सुरू होतोय. तो तपासून सही मी करायची. तुझ्या चाचण्यांची यादी उघडली, तर निम्म्यांना कारणच लिहिलेलं नाही. इनोके इथे दहा वर्षं आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, उनाइसी करायची म्हणून आपण करतो. आता शिउप्रसाद साहेबांनी सगळ्यांच्या डोक्यातलं एका जागी लिहून काढायचं फर्मान सोडलंय. तेव्हा तुझी टिपणांची निळी वही पाठवून दे. वेळ वाचावा म्हणून अकरा जुनाट चाचण्या मी काढूनही टाकल्या.

लोभ आहेच, वहीसुद्धा यावी.
केलेरा

सवुसवू, ९ मार्च

चि. केलेरा हिस अ. उ. आ.

वही मिळणार नाही. गरम झऱ्यात दालोचे कंद शिजत ठेवलेत, ते होईपर्यंत कारणही सांगते. बावीस वर्षं रोज कुणी ना कुणी माझ्या टेबलाशी येऊन विचारायचं. इथे कोंबड्या सोडल्या तर माझ्यामागे कुणी येत नाही. वही दिली की तुम्हाला उनाइसी कशाला लागेल? तू एकेक विचार, मी एकेक सांगीन. म्हातारीचा हट्ट समज.

आणि अकरा चाचण्या काढल्यास त्या कोणत्या? मोठी शहाणी लागून गेलीस! उलट बोटीने कळव.

तुझी आत्या

सुवा, १५ मार्च

ती. आत्यास सा. न.

रागावू नकोस, यादी सोबत जोडली आहे. सगळ्यात गमतीची ती सत्तर माणसांची. एकाच नावावर सत्तर तिकिटं काढून बघायची, अख्खा दिवस जातो तिच्यात. एका दमात सत्तर तिकिटं घेतंय कोण? साहेबसुद्धा हसले. बाबा म्हणतात, आत्याला फोन घेऊन दे, नाहीतर तुझं अक्षर सुधारेल.

केलेरा

सवुसवू, १९ मार्च

चि. केलेरा,

आशीर्वाद नंतर. हे पत्र बोटीच्या तांडेलाच्या हाती देतेय, त्याला उत्तरासाठी थांबवू नकोस. ती चाचणी आधी कर.

गावात कुणी गेलं की अख्खं गाव निघतं, हे तुला मी सांगायला नको. चटया, यांगोनाच्या मुळ्यांचे भारे घेऊन सगळे धक्क्यावर येतात आणि एक जण खिडकीशी जाऊन सगळ्यांची तिकिटं आपल्या नावावर घेतो. रडणाऱ्या माणसांना कुणी एकेकाचं नाव विचारत बसत नाही.

तुझी आजी तवेउनी बेटावर वारली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. आम्ही सुवाहून सत्तर जण निघालो. प्रोग्राम पन्नासावर अडला आणि बोट सुटली. मी मागे राहिलेल्या विसांत होते. तू माझ्या कडेवर होतीस. पुढची बोट तीन दिवसांनी होती. तोवर आईला माती दिली होती.

तो प्रोग्राम मीच तपासला होता गं. खाली सही माझी होती. चाचणी दुसऱ्याच दिवशी लिहिली, पण तिचं कारण लिहायची मला लाज वाटली. तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही. ती लाज आज तुझ्या गळ्यात पडणार होती. वही सोबत पाठवतेय. सगळी वाच.

उनाइसी

सुवा, २४ एप्रिल

ती. आत्यास, केलेराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी जिन्यात बसून रडले आणि मग चाचणी लावली. प्रोग्राम बत्तिसावर थांबला. वर 'आभारी आहोत' म्हणाला, आणि उरलेली अडतीस माणसं गुपचूप गाळली! साहेबांचा चेहरा पाहायला हवा होतास. चार दिवसांत दुरुस्त झालं आणि मी सही केली.

आता दर शुक्रवारी कामानंतर आम्ही चटई टाकतो. पाण्यात कालवलेल्या यांगोनाची वाटी फिरते, ती ज्याच्या हाती येईल, त्याने आपल्या एका चाचणीचं कारण सांगायचं. दुसऱ्याने ते लिहून घ्यायचं. दहा वर्षं गप्प असलेला इनोके आता आवरत नाही. तुझं कारण मी सांगितलं, सहीसकट. कुणी हसलं नाही. बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, वेडी, एकटीच वाहत बसली इतकी वर्षं.

आणि ऐक. गेल्या मंगळवारी एका माणसाने एका नावावर अठ्ठावन्न तिकिटं घेतली. सगळे एकाच बोटीने गेले.

एक शंका आहे. तिकीट निघता निघता मध्येच वीज बंद करून का बघायचं? मला काही उमजेना.

केलेरा

सवुसवू, २९ एप्रिल

चि. केलेरा हिस अ. उ. आ., आणि त्या अठ्ठावन्न जणांनाही.

पत्र तीनदा वाचलं. कोंबड्यांनाही वाचून दाखवलं.

विजेचं कारण वहीच्या चौदाव्या पानावर आहे, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून. वही तुझ्याच टेबलावर असते, हे मला तांडेलाने सांगितलंय. लबाड कुठली!

तरी सांगते, नीट बसून ऐक. तवेउनीच्या खिडकीवर रोज दुपारी वीज जायची...

(मागे पाहा, आणखी दोन पानं आहेत.)

विचारत राहावे, ही विनंती.
तुझी आत्या