निवट्यांच्या मागे उभा असलेला माणूस

प्रति,
मा. केंद्र संचालक,
दूरचित्रवाणी केंद्र, मुंबई.

अर्जदार : जानकी बाबली रेवंडकर, वय ३९, धंदा मासेविक्री, मु. सर्जेकोट, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

विषय : जगातील रानावनांच्या मालिकेतील कांदळवनाचा भाग १ डिसेंबरपूर्वी पुन्हा दाखविणेबाबत.

संदर्भ : रविवार, दि. ५ ऑक्टोबर १९८६ रोजीचे आपले प्रसारण.

महोदय,

अर्जदार बाईंना लिहिता येत नसल्याने हा अर्ज गावातील एक निवृत्त पोस्टमन लिहून देत आहे. भाषा लिहिणाऱ्याची, म्हणणे बाईंचे.

१. अर्जदारांचे पती बाबली हे गलबतावर खलाशी होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये मंगळूरहून कौले भरून निघालेले त्यांचे गलबत मालवणला पोहोचलेच नाही. ना फळी मिळाली, ना माणूस. त्यानंतर अकरा वर्षे प्रस्तुत लेखक त्या वाडीत टपाल वाटत होता. बाई रोज दारात येऊन नुसत्या मानेने विचारीत, आणि लेखक नुसत्या मानेने नाही म्हणे. ह्या कामाचा त्याला पगार मिळत होता.

२. गेल्या पाच तारखेला ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे सत्तर-ऐंशी माणसे बसली होती. कुठल्याशा परमुलखातले कांदळवन दाखवीत होते. निवेदन इंग्रजीत असल्याने मुलूख कोणता यावर गावात एकमत नाही. हेडमास्तर आफ्रिका म्हणतात, कंपाउंडर सुमात्रा म्हणतात. चिखलावर निवटी उड्या मारीत होती. आपल्या खाडीतले मासे परक्या चिखलात एवढ्या थाटात बघून लोकांना हसू आवरेना. त्याच वेळी निवट्यांच्या मागे, गुडघाभर पाण्यात, एक माणूस पाग म्हणजे हाताने फेकायचे जाळे टाकत होता. बाई ताडकन उठल्या आणि ओरडल्या, "तो माझो घोव! पाय बघा त्येचो!" मागच्यांनी "बस गो खाली!" असा गिल्ला केला. तेवढ्यात चित्र बदलले आणि पडद्यावर बगळा आला.

३. पायाबद्दल खुलासा असा की, बाबलींच्या डाव्या टाचेत तरुणपणी पाकट माशाचा काटा गेला होता. तेव्हापासून जाळे तळाला बसेपर्यंत ते डावी टाच उजव्या पोटरीला टेकवून एका पायावर उभे राहत. पडद्यावरचा माणूस तसाच उभा होता. जाळे कुणीही टाकील. तसे उभे राहणारा दुसरा इसम बाईंनी अख्ख्या किनाऱ्यावर पाहिलेला नाही. बगळ्याच्या एका पायाला कॅमेऱ्याने चांगली चार मिनिटे दिली, निवेदकही त्यावर भरभरून बोलला. माणसाच्या एका पायाला मात्र दहा श्वासही मिळाले नाहीत, याबद्दल अर्जदारांची सक्त तक्रार आहे.

४. मासळीबाजारात बाईंच्या शेजारी बसणारी इनासिया डिसोजा साक्षीस तयार आहे. ती म्हणते, "माका दिसलो नाय. पण जानकीक दिसलो म्हणजे दिसलो." ही साक्ष कायद्यात बसत नाही याची कल्पना आहे. प्रस्तुत लेखकही त्या वेळी हजर होता. तो निवटी बघत होता, आणि याची त्याला आता लाज वाटते.

५. घाईचे कारण असे. गलबत गेल्याला बारा वर्षे पुरी होत असल्याने येत्या कार्तिक अमावास्येला, म्हणजे १ डिसेंबरला, घरचे लोक बाबलींचा पुतळा करून जाळणार आहेत. अंग दर्भाचे, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला रीतसर अग्नी. मग बाईंनी मंगळसूत्र उतरवायचे. बाईंचे धाकटे दीर भाई हे वाईट गृहस्थ नव्हेत. बारा वर्षे घर त्यांनीच ओढले. त्यांची मुलगी नीरजा हिचे लग्न ह्या राहिलेल्या कार्यामुळे अडून बसले आहे. "वयनी, बारा वर्सां झाली. दादाक आता मोकळो करूया," असे सांगताना ते स्वतःच रडले. परंतु बाईंचे म्हणणे की, जो माणूस तिकडे पाण्यात उभा राहून मासे मारतोय त्याला इकडे अग्नी दिला तर त्याच्या अंगाची आग होईल. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती आहे, त्याला यातले शास्त्र कळत नाही. बाई चार दिवस नीट जेवलेल्या नाहीत, एवढे त्याला कळते.

६. तरी कृपा करून तो भाग पुन्हा दाखवावा. सबंध दाखवणे जमत नसल्यास निवटी व बगळा वगळून तेवढा माणूस दाखवावा. तेही न जमल्यास चित्रण करणाऱ्यांना पत्र टाकून त्या माणसाचे नाव विचारावे. नाव न सांगितल्यास टाच बघावी. तेही अशक्य असेल तर बाईंना मुंबईला बोलवावे. त्यांनी फोंडाघाटापलीकडचा मुलूख पाहिलेला नाही, पण त्या येतील आणि आपल्या दारात बसून राहतील.

७. येथवर लिहून झाल्यावर अर्ज बाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आणि तो माझो घोव नसलो तर?" त्यानंतर बाई एकट्याच भटजींकडे जाऊन आल्या. सरकारदरबारी चौकशी चालू असल्याचा कागद हाती असेल तोवर पुतळा जाळता येणार नाही आणि नीरजाच्या मुहूर्तालाही हरकत नाही, असे भटजींनी मान्य केले आहे.

सबब कलम ६ मधील सर्व विनंत्या रद्द समजाव्यात. तो भाग पुन्हा दाखवू नये. कोणाकडे विचारपूस करू नये. सोबतच्या कार्डावर 'अर्ज विचाराधीन आहे' एवढेच लिहून शिक्का मारावा, आणि त्यानंतर हा अर्ज कधीही निकालात काढू नये.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारी,

सौ. जानकी बाबली रेवंडकर
(डाव्या अंगठ्याचा ठसा)

सर्जेकोट, दि. १४ ऑक्टोबर १९८६

अर्ज लिहिणार : सांतान लोबो, निवृत्त पोस्टमन

सोबत : पत्ता घातलेले कार्ड, एक. ओळख पटवण्यासाठी बाबलींचा लग्नातील फोटो जोडला होता. तो बाईंनी काढून घेतला.