ढेरीवरून गेलेलं विमान

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या मेहुण्याचा हात जोडून नमस्कार. कंबर आता कशी आहे? (वहिनींनी शेकायला सांगितलं असेल आणि तुम्ही ऐकलं नसेल, हे मी इथे बसून सांगतो.) तुमची बहीण सुखरूप पोचली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल.

गुडघे धरलेल्या बाईला एवढ्या लांब एकटीला पाठवू नका, असं तुम्ही बजावलं होतं. पण परदेशातल्या लेकीचे दिवस भरत आलेले आणि माझ्या दुकानात शिवायच्या कोटांचा ढीग. (विमानाची भीतीही वाटते, पण ढीग होताच.) जावई म्हणाला, चौदा तास लागतात. आता ज्याला स्वतःच्या पँटची कंबर सांगता येत नाही, त्याच्या मापावर मी कसा विसंबू? आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे: स्वतः टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. म्हणून दुकानातल्या नकाशावर टेप धरून, ह्या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत खडूने सरळ रेघ मारली आणि तिला म्हटलं, ह्या वाटेने जायचं, बिनघोर जा.

विमान उडालं. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला फोनवर ते कुठवर गेलं ते दाखवायला आला, तर ते माझ्या रेघेवर नाहीच, वर बर्फाकडे निघालेलं. विमान कंपनीला फोन लावून तिथल्या बाईंना सांगितलं, की तुमच्या वैमानिकाने कापड तिरकं कापायला घेतलंय, अजून वेळ आहे, त्याला वळवा. त्या म्हणाल्या, "काका, पृथ्वी गोल आहे." मी म्हटलं, "ते मी शाळेत शिकलोय. माझ्या बायकोला कुठे नेताय तेवढं सांगा." त्यांनी फोन ठेवला. तेवढ्यात वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. त्यांची ढेरी तुम्ही पाहिली आहे. बरगड्यांखाली दोन्ही कुशींवर खुणा करून टेप लावली. आडवी धरली की जास्त भरे आणि ताणली की आपसूक छातीकडे सरकून कमी भरे. मी तसाच थबकलो. जन्मभर लोकांच्या पोटांवरून टेप फिरवली आणि बायकोच्या वेळी सपाट कागदावर विश्वास ठेवला! वैमानिक पृथ्वीच्या ढेरीवरून चालला होता, टेपेसारखाच वर सरकून, जवळच्या वाटेने. मी वकीलसाहेबांना कडकडून मिठी मारली. (कोटाला टाचण्या होत्या, हे दोघांनाही नंतर कळलं.)

शेवटी तिचा फोन आला. म्हणाली, "पोचले. तुम्ही जेवलात का?" दादा, मी कोटांच्या ढिगावर बसून रडलो, सांगायला लाज कसली. दोनच दिवसांनी नात झाली. मायलेकी ठणठणीत आहेत. आता जीव भांड्यात पडला.

वहिनींना नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमची बहीण म्हणते, परत एकटी येणार नाही, न्यायला या. तुम्ही धीराचे. कंबर बरी असेल तर जाऊन याल का? खिडकीची जागा बघून देतो.

आणखी ता. क. वरची विनंती रद्द समजा. तिच्याबरोबर नातीसाठी अंदाजाने शिवलेलं झबलं दिलं होतं. आत्ताच फोन आला, त्यात दोन बाळं मावतील म्हणे. माप सांगते, दुसरं शिवा, म्हणाली. कापड पसरलं, पण कात्री काही चालेना. टेप खिशात घातली आहे. मीच निघतो.